नांदूरच्या फुगवट्यात बोट टाकायची का? आधी पाळी ठरवा

निफाड तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्याच्या कडेला घरची चार एकर द्राक्षबाग. हिवाळ्यात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, पण गावाच्या हाती चहा आणि पार्किंगपलीकडे काही पडत नाही. गावातल्या काहींना बोटिंग आणि तंबूंचं रिसॉर्ट हवंय, वनखातं नाही म्हणतं. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या सायखेड्याचे नातेवाईक म्हणतात, पक्षी राहू द्या बाजूला, आधी बंधाऱ्यातला गाळ काढा, पुरात आम्ही बुडतो. त्यात २०२७ ला सिंहस्थाची गर्दी. ‘संवर्धन, पर्यटन आणि विकास यांचा समतोल कसा साधायचा?’ असं विचारून खाली एक ओळ: ‘मामांनी दहा सीटची फायबरची बोट बघून ठेवलीय, टोकन देऊ का?’

भाऊ, शेवटची ओळ खरी आणि वरचा प्रश्न भाषणातला, असं मला आधी वाटलं. दोनदा वाचल्यावर लक्षात आलं की दोन्ही एकच आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्याबद्दल एवढंच की मी मूळचा पाणी मोजणारा माणूस. पातळी, विसर्ग, गाळ. पक्ष्यांची ओळख उशिरा झाली, तीही मोजणीला माणूस कमी पडला म्हणून. गेली वीसेक वर्षं पाणथळ जागांचे व्यवस्थापन आराखडे करतो. त्यातले काही अमलात आले, बरेच कपाटात आहेत.

‘समतोल’ या शब्दाने आमच्या कामाचं नुकसान केलंय. समतोल म्हटलं की तराजू डोळ्यापुढे येतो, आणि मग बैठकीत प्रत्येक जण आपापल्या पारड्यात थोडं थोडं टाकून घेतो. वनखात्याला एक मनोरा, गावाला एक बोट, पाटबंधाऱ्याला थोडा गाळ. सगळे खूश होऊन चहा पितात आणि पाच वर्षांनी पाणथळ जागाच उरत नाही. तुम्ही कालव्याच्या मुलखातले आहात, तुम्हाला तराजूपेक्षा पाळी चांगली कळेल. आवर्तन, म्हणजे धरणातून ठरल्या वेळी सोडलेलं पाणी, सुटलं की सगळ्यांना एकदम पाणी मिळत नाही. आधी पिण्याचं, मग शेतीचं, मग बाकीच्यांचं. इथेही तसंच. पहिली पाळी पाण्याची: किती, कधी, कसलं. दुसरी पाळी जे आजच त्या पाण्यावर जगतात त्यांची, म्हणजे मासेमारी करणारे, गुरं चारणारे, गाळपेर करणारे, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या गाळात पीक घेणारे, आणि पुरात बुडणारे. पर्यटन शेवटच्या पाळीला. ते वाईट म्हणून नव्हे, तर या तिघांत तेवढंच एक असं आहे की आज बंद केलं तर कुणाचं घर बुडत नाही आणि उद्या पुन्हा सुरू करता येतं.

आता ही जागा मुळात कशी झाली ते सांगतो, कारण गाळाचं भांडण त्याशिवाय कळणार नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजांच्या काळात दगडी बंधारा बांधला, तो कालव्यांत पाणी वळवण्यासाठी. इथून निघणारे डावा-उजवा कालवे खाली कोपरगाव-राहात्याकडची शेती भिजवतात. पक्षी कुणाच्या डोक्यातही नव्हते. पण वाहतं पाणी थबकलं की हातातलं ओझं खाली ठेवतं. जाड वाळू आधी, मग बारीक माती, सगळ्यात शेवटी चिखलाचा लोण्यासारखा थर. शंभराहून अधिक वर्षं हे चाललं आणि फुगवट्यात, म्हणजे बंधाऱ्यामागे पसरलेल्या पाण्यात, बेटं झाली, उथळ दलदल झाली, पाणगवत आलं. समुद्रापाशी नदी जो त्रिभुज प्रदेश तयार करते त्याचीच ही छोटी, घरगुती आवृत्ती. फरक इतकाच की तिथे नदीला समुद्र थांबवतो, इथे आपण थांबवलं.

१९८६ मध्ये अभयारण्य झालं. २०१९ मध्ये १,४३७ हेक्टर क्षेत्र रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. त्या नोंदीत ५३६ प्रजातींचा उल्लेख आहे आणि धोक्यांत तीन नावं आहेत: पाणवेली, शहरी वाढ आणि पाण्याचा उपसा. पर्यटकाचं नाव त्या तिघांत नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ‘पर्यटक आले म्हणून पक्षी गेले’ हे वाक्य सोयीचं आहे. पर्यटक दिसतो, नाशिकचं सांडपाणी दिसत नाही.

हीच गोदावरी दुसऱ्या टोकाला कशी आहे ते पाहायला मी आंध्रात गेलो होतो. ब्रह्मगिरीपासून १,४६५ किलोमीटर वाहून ती राजमहेंद्रीखाली गौतमी आणि वसिष्ठा अशा फाट्यांत मोकळी होते. काकीनाड्याजवळ कोरिंगा अभयारण्य आहे, २३५ चौरस किलोमीटरचं खारफुटीचं जंगल. लोकांसाठी चिखलावर लाकडी पायवाट बांधलीय. त्या पायवाटेवर उभं राहून मला जाणवलेली गोष्ट पक्ष्यांची नव्हती. तिथल्या माणसांची तक्रार आहे की नदी पूर्वीसारखा गाळ आणत नाही, किनारा खचतो. आणि आपल्याकडे सायखेड्याची तक्रार आहे की गाळ फार झाला. एकच नदी. वरच्या धरणांनी आणि बंधाऱ्यांनी जो गाळ अडवला तो इथे डोईजड झाला आणि तिथे कमी पडला. त्रिभुज प्रदेशाचं संवर्धन काकीनाड्यात बसून होत नाही ते यामुळे, आणि आपला प्रश्न नांदूरमध्ये बसून सुटत नाही तोही यामुळेच.

आता गाळ. सायखेडा आणि चांदोरीच्या लोकांचं म्हणणं मी कधीच हसण्यावारी नेत नाही. २००८ चा सप्टेंबर आणि २०१९ चा ऑगस्ट ज्यांनी पाहिला त्यांच्या घरात भिंतीवर पुराची रेघ आहे. एका घरात ती रेघ देवघराच्या फळीच्या वर होती आणि आजीने तिच्याखाली खडूने तारीख घातली होती. अशा माणसाला चिखलातल्या तुतारी पक्ष्याचं महत्त्व सांगायला गेलात तर तो तुम्हाला हाकलून देईल, आणि बरोबर करेल.

पण गाळ काढला की पूर जाईल का? इथे उत्तर जागेवर अवलंबून आहे. बंधाऱ्याच्या माथ्याच्या पातळीखाली जो गाळ आहे, तो काढलात तर तिथे पाणीच भरून राहणार. पूर येतो तेव्हा तो खड्डा आधीच भरलेला असतो. म्हणजे साठा वाढेल, कालव्याला थोडं जास्त पाणी मिळेल, पण पुराची उंची फारशी उतरणार नाही. ती ठरते बंधाऱ्यावरून आणि दरवाजांतून एका वेळी किती पाणी जाऊ शकतं यावर, आणि वरच्या अंगाला नदीचं पात्र किती मोकळं आहे यावर. फुगवट्याच्या शेपटाकडे, जिथे गाळाच्या उंचवट्यांवर बाभळी माजल्यात, काठ पुढे सरकलेत, पुलाच्या कमानींत पाणवेलींचा गालिचा अडकतो, तिथे मात्र अडथळा काढण्याने फरक पडू शकतो. आणि गंमत अशी की पक्ष्यांची सगळ्यात मोलाची दलदल बहुतेक त्या जागी नाहीच.

म्हणून माझा आग्रह एका कंटाळवाण्या गोष्टीचा असतो: पावसाळ्याआधी आणि नंतर पात्राचे छेद मोजा. ठरावीक ठिकाणी या काठापासून त्या काठापर्यंत दोर लावून, होडीतून खोली घ्यायची. दोन-तीन वर्षांचे छेद एकावर एक ठेवले की गाळ कुठे बसतो, कुठे वाहून जातो हे शाळेतल्या पोरालाही दिसतं. हे कागद हातात असले की ‘गाळ काढा’ आणि ‘गाळाला हात लावू नका’ ही दोन्ही टोकं आपोआप गप्प होतात, कारण चर्चा ‘कुठला गाळ’ यावर येते. काढलेला गाळ शेतकऱ्यांना हवाच असतो, ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ पासून आहे. मात्र अभयारण्याच्या हद्दीत हे परवानगीशिवाय होत नाही, आणि गाळाच्या नावाखाली वाळू उचलायला टपलेले लोक कोण आहेत ते तुमच्या गावाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

पाण्याची वेळ हा दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. शेकाट्या, तुतारी यांना बोटभर ते वीतभर पाणी लागतं. थापट्या आणि तलवार बदकाला हातभर चालतं. पाणी वीतभर वाढलं की चिखलावरचं एक अख्खं पंगतीचं ताट झाकलं जातं, पक्षी उठून दुसरीकडे जातात. आणि तुमच्या फुगवट्याची पातळी तुमच्या हातात नाही. वर गंगापूर, दारणा, पालखेड, करंजवण. खाली कालव्यांची आवर्तनं आणि जायकवाडी. पाणीवाटपावरच्या मेंढेगिरी समितीच्या २०१३ च्या अहवालानंतर जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला. त्यात ठरलं की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांखाली असला तर वरून पाणी सोडण्याचा हिशेब मांडायचा. ते पाणी तुमच्या दारावरून जातं, नेमकं हिवाळी पक्षी उतरण्याच्या दिवसांत. नाशिक विरुद्ध मराठवाडा या भांडणात मला पडायचं नाही, तहान दोन्हीकडे खरी आहे. पण पाणी सोडायचंच तर ते कसं सोडायचं यावर बोलता येतं. पातळी एका रात्रीत चढवून उतरवण्याऐवजी सावकाश चढवा, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी शक्य तेवढी स्थिर ठेवा. यात कुणाचा एक थेंब कमी होत नाही.

उन्हाळ्याचं तर कुणी नावच काढत नाही. मार्च ते मे नदीसुरय पक्षी वाळूच्या पट्ट्यावर अंडी घालतात, नुसत्या खळग्यात, ठिपक्याठिपक्यांची, पाय पडला तरी कळणार नाही अशी. एका एप्रिलमध्ये आम्ही असा एक पट्टा दुर्बिणीतून रोज पाहत होतो. एका सकाळी पट्टा नव्हता. वरून आवर्तन आलं होतं. पक्षी तासभर त्या पाण्यावर घिरट्या घालत होते, मग उडून गेले. तिथे एकही पर्यटक नव्हता, म्हणून एकही बातमी नव्हती. ज्या माणसाने गेट उघडलं त्याचीही चूक नाही, खाली उसाला पाणी हवं होतं आणि अंड्यांचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं कुणी, हाच प्रश्न आहे.

पाणी कसलं यावर थोडक्यात आटोपतो, कारण तुम्हाला ते नाकाने कळतं. नाशिक शहराचं मलजल, त्यातलं प्रक्रिया झालेलं, अर्धवट झालेलं आणि न झालेलं, दसक-पंचकवरून तुमच्याकडे येतं. त्यात नत्र-स्फुरद भरपूर, शिवाय आपल्या बागांतली खतं. पाणवेलींना आणखी काय हवं? यंत्राने पाणवेली काढणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. पुसावी लागतेच, सायखेड्याच्या पुलासाठी तर नक्कीच, पण त्याला उपाय म्हणू नये. गोदावरीच्या प्रदूषणावर २०१२ मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, आदेश निघाले, नवी मलनिस्सारण केंद्रं झाली, पण शहर त्यांच्यापेक्षा वेगाने वाढलं. सिंहस्थासाठी निधी येतो तो रामकुंडावर दिसेल अशा कामांना आधी जातो. तुमच्या ग्रामसभेने या वेळी एकच मागणी लावून धरली तरी पुरे: शहराच्या खालच्या अंगाचं पाणी दर महिन्याला तपासा आणि आकडे गावात फळ्यावर लावा.

आता कुठे पर्यटनाची पाळी आली. इथे एक प्रसंग सांगतो. जानेवारीतली सकाळ, साडेसहा-पावणेसात. चापडगावच्या मनोऱ्यावर मी आणि गावातला एक गाइड. धुकं एवढं की पाणी ऐकू येत होतं, दिसत नव्हतं. मग हळूहळू ठिपके उमटले. वारकरी पक्षी, शे-दीडशे तलवार बदकं, पलीकडे चक्रवाकांची जोडी. सगळ्यांची डोकी पाण्यात, शेपट्या वर. गाइड म्हणाला, ‘सर, बघा आता.’ कडेच्या बेशरमीच्या झुडपांतून एक होडी निघाली. बांबूने ढकललेली, मासे धरायला जाणारी. एकाही बदकाने मान वर केली नाही. होडी जवळून गेली तेव्हा काही जण थोडे बाजूला सरकले, इतकंच. वीस मिनिटांनी दुसरी होडी आली. तीच बनावट, पण तीत चार जण उभे, मोठ्या लेन्स लावून. ही होडी सरळ थव्याकडे वळली. आधी कडेच्या एका बदकाची मान ताठ झाली, मग पाच, मग एकाच वेळी सगळ्यांच्या. तो क्षण मोजून ठेवा, कारण तिथेच खरी हद्द संपते. होडी पुढे आली, थवा उठला, लेन्स कडकडल्या. एक जण टाळी वाजवून उरलेले उठवत होता, उडतानाचा फोटो हवा म्हणून. तो गट कुठला ते सांगत नाही, माझे दोन ओळखीचेच त्यात होते.

मध्य आशियातून, हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्याकडे साठवणीचा मुद्दल असतो तो अंगावरच्या चरबीचा. एकदा उडवलं तर व्याज जातं. दिवसातून दहा वेळा उडवलं तर मुद्दल. मार्चमध्ये परतीला निघताना ती चरबी कमी पडली तर तो वाटेत कुठे पडतो ते आपल्याला कधीच कळत नाही.

यावरून माझी पद्धत अगदी साधी झाली, मी तिला ‘मान वर’ म्हणतो. बाहेरची वहनक्षमतेची, म्हणजे एका जागेला किती पर्यटक झेपतात याची, सूत्रं मला येतात, आराखड्यात लिहितोही. पण त्यांत एवढे गृहीत आकडे घालावे लागतात की शेवटी हवं ते उत्तर निघतं. त्यापेक्षा गावातल्या दोन पोरांना वही द्या. कुठल्या जागी, माणूस किती जवळ गेला की पहिली मान वर होते, आणि थवा कधी उठतो. पायी, सायकलवर, ढकलत्या होडीतून, इंजिनाच्या बोटीतून. एका हंगामात तुमच्याच गावचा नकाशा तयार होतो. जिथे मान वर होत नाही तिथून पाहायचं, जिथे होते तिथे रेघ. हे अंतर पक्ष्यागणिक, महिन्यागणिक बदलतं. सुरुवातीला नवे आलेले पक्षी फार बुजरे असतात. म्हणून दुसऱ्या तलावाचे आकडे उसने आणू नका.

आणि पहिली होडी विसरू नका. मासेमारी करणाऱ्याच्या होडीला पक्षी घाबरत नाहीत, कारण तो त्यांच्याकडे जात नाही. राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी उद्यानात हाच धडा फार महागात शिकले. नांदूरला ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणून मिरवणाऱ्यांनी तो पाठ करायला हवा. तिथे १९८२ मध्ये म्हशींची चराई एका फटक्यात बंद केली. विरोध झाला, गोळीबार झाला, माणसं गेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) दीर्घ अभ्यासातून दिसलं की म्हशी गेल्यावर पाणगवत माजलं, मोकळं पाणी गिळलं गेलं आणि पक्ष्यांचंच नुकसान झालं. वर पुन्हा पाण्याचा तंटा, वरच्या धरणातून पाणी येईना म्हणून एकेका वर्षी उद्यान कोरडं. पण तिथली एक गोष्ट घ्या. उद्यानात गाड्या नाहीत, सायकलरिक्षा आहेत, आणि रिक्षावाल्यांना पक्ष्यांचं शिक्षण देऊन गाइड केलंय. पैसा तिथल्याच घरात जातो.

ओडिशात चिलिका सरोवराच्या उत्तर काठावर मंगलाजोडी गाव आहे. एकेकाळी पक्ष्यांच्या शिकारीसाठी बदनाम. तेच शिकारी आज पाहुण्यांना बांबूने ढकललेल्या होड्यांतून पक्षी दाखवतात. तिथे कुणी तुम्हाला थव्यात नेत नाही, कारण शिकाऱ्यालाच नेमकं माहीत असतं की पक्षी कधी उठतो. मात्र तिथेही क्रम पाहा. चिलिका १९९३ मध्ये रामसरच्या धोक्यातल्या यादीत गेलं होतं. ते वाचलं ते २००० च्या सप्टेंबरमध्ये समुद्राकडे नवं मुख खोदल्याने. पाणी खारं-गोडं पुन्हा नीट मिसळलं, मासे वाढले, २००२ मध्ये नाव त्या यादीतून निघालं. पर्यटन त्या वाचलेल्या पाण्यावर उभं राहिलं.

आता तुमचा हिशेब, कारण मामा तोच मांडून बसले असणार. समजा बोटीच्या दिवसाला आठ फेऱ्या, दहा माणसं, माणशी दीडशे. दिवसाला १२ हजार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी शनिवार-रविवार मिळून चौतीसेक दिवस, म्हणजे चार लाखांवर. डिझेल, दोन माणसं, विमा, दुरुस्ती वजा करा. तरी कागदावर दिसतंच. दुसरीकडे समजा घराच्याच दोन खोल्या नीट केल्या, चार पाहुणे, जेवणासह माणशी १,८००. तेवढ्याच रात्रींना अडीच लाखांच्या आत. बोट जास्त देते, हे मी लपवत नाही. पण बोट तुम्हाला मिळाली तर खाणगाव थडीला का नाही, मांजरगावला का नाही? तिसऱ्या हंगामात चार बोटी, आणि बोटींनी थवा पार पलीकडच्या टोकाला ढकललेला. मग गिऱ्हाईक फोनवर विचारतं, पक्षी दिसतात का? काय सांगाल? खोलीतला पाहुणा मात्र पहाटे उठतो, गाइड घेतो, ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत खातो, जाताना बेदाणे नेतो. जानेवारीच्या शेवटी द्राक्षं सुरू झाली की पेटी नेतो. म्हणजे तुमच्याबरोबर आणखी तीन घरं चालतात. शिवाय पक्षी पलीकडे गेले त्या वर्षीही द्राक्ष पिकतंच.

कायद्याचं अगदी थोडक्यात. अभयारण्याच्या हद्दीत पर्यटक निवासाचं बांधकाम राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या आगाऊ मंजुरीशिवाय होत नाही, १९७२ च्या कायद्यातच तसं आहे. त्यामुळे तंबूवाला कुणी ‘सगळं मॅनेज होतं’ म्हणाला तर त्याच्या नावाने सातबाऱ्यावर काही चढवू नका. हद्दीबाहेर, स्वतःच्या शेतात, २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. तुमच्या गट नंबरातल्या जमिनीचा कुठला भाग हद्दीत येतो ते आधी वनखात्याच्या नकाशावर बघा, तोंडी नको. गावात वनखात्याबरोबर काम करणारी गावकऱ्यांची परिस्थितिकीय विकास समिती असेल तर प्रवेश शुल्काचा गावाला वाटा किती आणि तो कुठे खर्च झाला, हे ग्रामसभेत वाचून दाखवायला लावा. माझ्या अनुभवात गावं शुल्क वाढवण्यावरून भांडत नाहीत, हिशेब न दिसण्यावरून भांडतात.

इथवरचं एकत्र करायचं तर गावाने या वर्षी एवढं धरावं: पातळीबद्दल पाटबंधारे आणि वनखातं यांची ऑक्टोबरच्या आधी एक बैठक, जिच्यात सायखेडा-चांदोरीचेही दोघं असतील. पात्राचे छेद. पाणी तपासणीचा फळा. ‘मान वर’ची वही. मासेमारी आणि चराई करणाऱ्यांना हाकलायचं नाही, त्यांच्यातूनच गाइड निवडायचे. सिंहस्थाच्या गर्दीसाठी गाड्या गावाबाहेर उभ्या करून पुढे पायी किंवा बैलगाडी. ऑगस्ट-सप्टेंबरमधली पर्वणीची गर्दी आणि हिवाळी पक्षी यांची वेळ नशिबाने वेगळी आहे, पण पावसाळ्यातच कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्यांची घरटी पाणगवतात असतात. डीजे लावलेली एक बस त्यांना पुरेशी आहे.

याने सगळं जमेल असं मी म्हणत नाही. नाशिकचं सांडपाणी सुधारलं नाही तर तुमची वही, मनोरा, गाइड हे सगळं दहा वर्षांनी पाणवेलींकडे बघत बसेल. तेवढं तुमच्या हातात नाही. पण तीन गावांच्या ग्रामसभांचे एकाच मजकुराचे ठराव कुठल्याही कचेरीत माझ्या पन्नास पानी आराखड्यापेक्षा आधी वाचले जातात, हे मी दोनदा पाहिलंय.

बोटीचं टोकन देऊ नका. टोकनच्या पैशात भर घालून तिपाईसकट एक बरा स्पॉटिंग स्कोप घ्या, मनोऱ्यावर लावा. पहिल्या रविवारी गावातल्या म्हाताऱ्यांना फुकट दाखवा, त्यातही मामांना सगळ्यात आधी. चक्रवाकाच्या मानेवरची काळी रेघ काचेतून दिसली की त्यांना बोटीचा विषय स्वतःहून सोडता येईल, तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. नाहीच सोडला, तर त्यांना म्हणावं बांबूने ढकलायची लाकडी होडी घ्या, परवानगी आणि रेघ कुठे ते ठरल्यावर, आणि चालवायला मच्छीमार सोसायटीतला गडी ठेवा.